सिंहगडावरची बस का थांबली? एका प्रयोगामागचा इतिहास

पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी नऊनंतर डोणज्याच्या बाजूने सिंहगडाचा घाट चढायला घेतला, तर गड दिसतो पण गाठता येत नाही. पुणे दरवाजाच्या खालचे वाहनतळ भरलेले असते. उतरणाऱ्या गाड्यांना वाट मिळत नाही, चढणाऱ्या वळणावर अडकून पडतात आणि शेवटी पायथ्याच्या नाक्यावरच गाड्या थांबवाव्या लागतात. गडाची उंची १,३१२ मीटर, पुण्यापासूनचे अंतर तीसेक किलोमीटर आणि वर गाड्या लावण्याजोगी सपाट जागा मोजकीच. ती वाढवायची तर डोंगर फोडावा लागेल.

या कोंडीवर उपाय म्हणून मे २०२२ मध्ये पीएमपीएमएलने, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेने, वनविभागाच्या साथीने गडावर ई-बस सुरू केली. खासगी गाडी पायथ्याला लावायची आणि पुढचा घाट बसने चढायचा, अशी योजना होती. पुणेकरांनी तिचे कौतुकही केले आणि तक्रारीही केल्या. मात्र त्याच महिन्यात ही सेवा थांबली आणि घाट पुन्हा खासगी गाड्यांना मोकळा झाला. अरुंद वळणे, तीव्र चढ, चार्जिंगची अपुरी सोय आणि सुट्टीच्या दिवसांतली गर्दी ही कारणे तेव्हा पुढे आली. सेवा पुन्हा सुरू करण्याची चर्चा अधूनमधून होत राहते. म्हणूनच हा प्रयोग कुठून आला आणि दुसरीकडे अशा प्रयोगांचे काय झाले, हे नीट पाहायला हवे.

सिंहगडाला आपण किल्ला म्हणून ओळखतो, पण त्याचे उतार वनविभागाच्या ताब्यात आहेत. आतकरवाडीच्या बाजूची दरी ‘सिंहगड व्हॅली’ म्हणून पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी असते. उन्हाळ्यात तिथे पाण्यापाशी स्वर्गीय नर्तक दिसतो, तेव्हा लांब पांढऱ्या शेपटीचा तो पक्षी पाहायला माणसे तासन्‌तास निमूट बसून राहतात. वर घाटात हॉर्न वाजत असतात. गडावर येणाऱ्या गाड्यांकडून जी रक्कम घेतली जाते, तिला ‘उपद्रव शुल्क’ म्हणतात. सरकारी कागदावरचा इतका नेमका शब्द मला क्वचितच भेटला आहे. आपण गाडी घेऊन वर जातो तेव्हा डोंगराला उपद्रव देतो आणि त्याची पावती घेतो.

उपद्रव म्हणजे नुसता धूर नव्हे. वाहनतळ भरले की गाडी रस्त्याच्या कडेला लागते. कडेचे गवत, झुडपे आणि पावसाचे पाणी वाहून नेणारी गटारे चाकाखाली जातात. पाणी अडले की ते डोंगराच्या पोटात मुरते आणि घाटरस्त्याला हे परवडत नाही. सिंहगडाच्या घाटात दरड कोसळून रस्ता बंद ठेवावा लागल्याचे प्रसंग आपण पाहिले आहेत. जुलै २०१७ मधली दरड अनेकांना आठवत असेल.

हाच उपद्रव सर्वांत उघडा दिसतो तो कासच्या पठारावर. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवरचा हा सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माथा. त्यावर मातीचा थर इतका पातळ की जागोजागी खडकच वर आलेला असतो. पावसाळ्यात त्या खडकावर पाण्याचा पापुद्रा साचतो आणि त्यातच गेंद, सीतेची आसवं, तेरडा यांचे गालिचे उमटतात. गाडीचे चाक एकदा तिथून गेले की माती दबते, चाकोरी पडते, पाणी त्या चाकोरीतून निघून जाते आणि पुढच्या वर्षी तेवढी पट्टी बोडकी राहते. २०१२ मध्ये पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा यादीत गेली. त्यांत महाराष्ट्रातली चार होती: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. यादीत नाव आल्यावर कासची गर्दी वाढली आणि गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न फुलांच्या जिवावर उठला. त्यानंतर तिथे एक व्यवस्था हळूहळू उभी राहिली. आसपासच्या गावांची संयुक्त वन व्यवस्थापन समिती, प्रवेशशुल्क, आधी नोंदणी, दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा, पठारापासून दूर वाहनतळ आणि तिथून ने-आण करणाऱ्या मिनीबस, असे त्या व्यवस्थेचे घटक आहेत. तिच्यातही उणिवा आहेत. तरी तिथली बस एकटी नाही, तिच्या जोडीला मर्यादा आहे आणि गावाचा हात आहे. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

गाडी वाटेतच ठेवून पुढे दुसऱ्या साधनाने जाण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. माथेरानला तर ती गावाच्या पायातच आहे. १९०७ मध्ये नेरळहून छोट्या रुळांची गाडी वर पोचली, पण मोटारींना गावात कधी प्रवेश मिळाला नाही. रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत येतो. गाडी तिथे ठेवायची आणि पुढे पायी, घोड्यावर किंवा अमन लॉजवरून सुटणाऱ्या छोट्या गाडीने जायचे. शटल, म्हणजे ठरावीक टप्प्यात ने-आण करणारी गाडी, हा शब्द माथेरानकरांना रेल्वेमुळेच ओळखीचा आहे. २००३ मध्ये केंद्राने माथेरान परिसराला पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले आणि ही बंदी कायद्याने आणखी घट्ट झाली.

पण त्या बंदीची किंमत माणसांनी मोजली. सामान आणि माणसे वाहणाऱ्या हातरिक्षा तिथे कालपरवापर्यंत चालल्या. लाल मातीच्या चढावर माणसाने माणसाला ओढत न्यायचे, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना ते विसरता येत नाही. त्या रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळावी म्हणून लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये काही महिन्यांपुरत्या प्रायोगिक ई-रिक्षा सुरू झाल्या. घोडेवाल्यांना आपल्या पोटाची चिंता होती, ती खोटी नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. ज्याला आपण प्रायोगिक तत्त्व म्हणतो, त्यामागे किती जणांच्या चुली असतात हे माथेरानने दाखवले.

दुसरे उदाहरण अजिंठ्याचे. लेण्यांच्या पायथ्यापर्यंत येणाऱ्या गाड्यांचा धूर दरीत कोंडून चित्रांना धोका होतो, म्हणून खासगी वाहने फर्दापूरच्या टी-पॉइंटवर थांबवण्याचे ठरले. तिथून लेणी चार किलोमीटरवर. मधले अंतर एसटीच्या बसने. ही व्यवस्था वीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे आणि आता तिथे जाणारा कुणी ‘माझी गाडी थेट का नाही’ असे फारसे विचारत नाही. गाडी खाली ठेवून बसने जाणे हा त्या सहलीचाच भाग झाला आहे. भिंतीवरच्या चित्रांसाठी आपण हे इतक्या सहज मान्य केले, मग सड्यावरच्या फुलांसाठी आणि दरीतल्या पक्ष्यांसाठी इतकी खळखळ का करतो?

केरळात मुन्नारजवळच्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातही हेच दिसते. निलगिरी ताहर हा डोंगरी बकरीसारखा प्राणी पाहायला येणारे लोक नाक्यापाशी गाडी सोडतात आणि वनविभागाच्या बसने राजमलाईपर्यंत जातात. विणीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, उद्यान पर्यटकांना बंदच असते. तिथली बस हा मोठ्या शिस्तीचा एक छोटा भाग आहे.

‘प्रयोग’ हे नाव उघडपणे लावून हे काम पहिल्यांदा झाले त्यांपैकी एक ठिकाण इंग्लंडमध्ये आहे. पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात गॉइट नावाचे एक अरुंद खोरे आहे. साठच्या दशकात तिथे एरवूडचा जलाशय झाला, मोटारी घरोघरी आल्या होत्या, आणि रविवारी खोऱ्यातला चिंचोळा रस्ता गाड्यांनी भरू लागला. १९७० च्या उन्हाळ्यात शनिवार-रविवारी तो रस्ता मोटारींना बंद केला गेला. कडेला वाहनतळ केले आणि तिथून आत फुकट मिनीबस सोडल्या. लोक येणे थांबवतील की चालत जातील, बसमध्ये बसतील की परत फिरतील, हेच पाहायचे होते. पाहणीसाठीच योजलेला प्रयोग होता तो. पुढे मिनीबस कायमच्या राहिल्या नाहीत, पण रस्ता काही काळ बंद ठेवता येतो आणि लोक ते स्वीकारतात, हे कळले.

अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानाचा निर्णय मला त्याहून शहाणपणाचा वाटतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अँकरेज आणि फेअरबँक्स या शहरांना जोडणारा महामार्ग पुरा झाला. आता गाड्यांचा लोंढा येणार हे ओळखून उद्यानाने १९७२ मध्ये आपला १४८ किलोमीटरचा रस्ता सुरुवातीच्या चोवीसेक किलोमीटरनंतर खासगी गाड्यांना बंद केला आणि पुढे बस ठेवली. गर्दी होण्याआधी बस आली. लोकांच्या अंगवळणी पडलेली गोष्ट काढून घ्यावी लागली नाही, त्यामुळे ‘आमचा हक्क गेला’ ही भावना फारशी रुजली नाही. सिंहगडावर नेमके उलटे झाले. दोन पिढ्यांना दारापर्यंत गाडी नेण्याची सवय लागल्यावर, ऐन उन्हाळी सुट्टीत, एका सकाळी ती सवय मोडायला सांगितले गेले.

या सगळ्यांत सर्वांत जास्त शिकवणारी गोष्ट झायनची आहे. अमेरिकेतल्या युटा राज्यातले हे राष्ट्रीय उद्यान म्हणजे व्हर्जिन नदीने कोरलेली उंच लाल भिंतींची दरी. दरीतला रस्ता जेमतेम दहा किलोमीटरचा आणि पुढे बंद. १९९७ मध्ये वर्षाला २४ लाख लोक तिथे येत होते. हजारो गाड्यांना जागा होत्या काही शे. लोक वाळवंटी झुडपांवर गाड्या चढवत, जागा मिळेपर्यंत दरीत घिरट्या घालत. मे २००० पासून मुख्य हंगामात ती दरी खासगी गाड्यांना बंद झाली आणि बस सुरू झाली. ती फुकट होती, म्हणजे तिचा खर्च प्रवेशशुल्कातच धरला होता. दर काही मिनिटांनी यायची, म्हणून वेळापत्रक पाहावे लागत नव्हते. आणि तिचा दुसरा फेरा उद्यानाबाहेरच्या स्प्रिंगडेल गावातून जायचा. गाड्या गावात लागायच्या, लोक तिथेच जेवायचे, राहायचे. ज्या दुकानदारांना बसची भीती वाटू शकली असती, त्यांच्या दारातच बसचा थांबा आला. दरीत शांतता परतली आणि अनेकांना तिथला नदीचा आवाज पुन्हा ऐकू येऊ लागला.

आता या गोष्टीची दुसरी बाजू, जी आपल्याकडे फारशी बोलली जात नाही. वाहनतळाची कमतरता ही स्वतःच एक मर्यादा होती. जागा नसल्यामुळे माणसे परत जात होती. बसने ती मर्यादा उठवली. २०१७ मध्ये झायनला येणाऱ्यांची संख्या ४५ लाखांवर गेली, बससाठी लांबच लांब रांगा लागू लागल्या आणि पायवाटा माणसांनी भरल्या. अखेर एप्रिल २०२२ पासून तिथल्या एंजल्स लँडिंग या कड्यावरच्या वाटेसाठी सोडत काढून परवाने द्यावे लागले. बसने गाड्यांचा प्रश्न सोडवला, पण माणसे किती येऊ द्यायची हे कुणीतरी ठरवावेच लागले. कासला ही मर्यादा आहे. सिंहगडाला नाही, आणि त्या अर्थाने सिंहगडाची बस नीट चालली असती, तरी गडावर आणखी गर्दी आणण्याचा धोका तिच्यात होताच.

आपल्या गडांची गोष्ट झायनसारखी नाही, हेही खरे. गडावर राबता आहे. घेऱ्यातल्या गावांमधल्या बाया पहाटे डोक्यावर सरपण आणि दह्याची मडकी घेऊन वर चढत आल्या आहेत. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातले दही यांवर कित्येक घरे चालतात. त्यांच्यासाठी बस म्हणजे सामान कसे न्यायचे, संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता आणि गिऱ्हाईक पायथ्याशीच अडकून बसले तर काय, हे प्रश्न. ट्रेकर आतकरवाडीच्या वाटेने चालत येतो, त्याचे बसवाचून अडत नाही. पण आजीआजोबांना घेऊन आलेल्या कुटुंबाला बसच्या रांगेत दोन तास उन्हात उभे राहावे लागले, तर पुढच्या रविवारी ते गाडीच मागणार. ई-बसला दोष देताना आपण हे विसरतो की पीएमपीएमएलच्या ताफ्यात ई-बस २०१९ मध्येच आल्या होत्या आणि त्या शहरातल्या रस्त्यांसाठी घेतलेल्या होत्या. घाटाच्या वळणांना साजेशी आखूड गाडी, सुट्टीच्या दिवशी पुरेल एवढी फेऱ्यांची संख्या, पायथ्याला सावली, पाणी आणि स्वच्छतागृह असलेले वाहनतळ, तिथे गावकऱ्यांना दुकानांची जागा, या गोष्टी बस सुरू होण्याआधी व्हायला हव्या होत्या.

काही आठवड्यांत गुंडाळलेल्या सेवेतून एकच गोष्ट कळते: तेवढ्या तयारीने, त्या गर्दीच्या दिवसांत ते जमले नाही. पावसाळ्यातला धुक्याचा रविवार, हिवाळ्यातली साधी सकाळ, दहावी-बारावीच्या परीक्षेचे ओस दिवस यांतले काहीच त्या बसने पाहिले नाही. फेऱ्या किती लागतात, चार्जिंग किती वेळ टिकते, विक्रेत्यांचा धंदा घटतो की वाढतो आणि गाड्या नसलेल्या घाटात दरीतले पक्षी रस्त्याच्या किती जवळ येतात, हे मोजायला किमान एक पूर्ण वर्ष लागले असते.