साउंड कार्डाला काय सांगायचं: गाण्यासाठी एक, गेमसाठी दुसरं

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आपल्या स्पीकरची किंवा हेडफोनची 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'ॲडव्हान्स्ड' टॅबवर जा. तिथे एक यादी असते: १६ बिट ४४,१०० हर्ट्झ, २४ बिट ४८,००० हर्ट्झ, आणि बऱ्याच कार्डांवर थेट २४ बिट १,९२,००० हर्ट्झपर्यंत. पुष्कळ जण सगळ्यात मोठा आकडा निवडून मोकळे होतात. आकडा मोठा तर आवाज चांगला, असं वाटणं साहजिक आहे, पण इथे ते लागू पडत नाही.

हर्ट्झचा हा आकडा म्हणजे ध्वनिलहरीची उंची सेकंदाला किती वेळा मोजली जाते, त्याची नोंद. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि वयाबरोबर वरची मर्यादा खाली येत जाते. अभियंते हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये पाया घातलेलं आणि गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये पक्कं केलेलं गणित असं सांगतं की, लहरीतल्या सर्वांत वरच्या वारंवारितेच्या दुपटीहून जास्त वेळा मोजलं, की मूळ लहर पूर्णपणे परत उभी करता येते. दोन मोजमापांच्या मधलं काहीतरी निसटतं, लहरीच्या पायऱ्या होतात, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे.

२०,००० ची दुप्पट ४०,०००, म्हणजे ४४,१०० कानाला पुरतात. मग असा आडनिडा आकडा कुठून आला? सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ टेपवर साठवत असत. पडद्यावरच्या प्रत्येक रेषेत ३ मोजमापं, एका फील्डमध्ये (म्हणजे एक सोडून एक रेषांच्या अर्ध्या चित्रात) वापरण्याजोग्या २४५ रेषा आणि सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा, बरोबर ४४,१०० येतात. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने हाच दर उचलला आणि तो संगीताला कायमचा चिकटला. व्हिडिओ आणि गेमच्या जगात मात्र ४८,००० रूढ झाला.

साउंड कार्ड एका वेळी एकाच दराने चालतं. वेगळ्या दराचा आवाज आला की विंडोज त्याचं रूपांतर करतं. हे रूपांतर आता इतकं चांगलं होतं की फरक कानाला कळणं कठीण, पण १,९२,००० निवडल्याने ४४,१०० च्या गाण्यात नवीन काही भरलं जात नाही, नुसतं काम वाढतं. म्हणून मुख्यतः गाणी ऐकत असाल तर ४४,१००, गेम आणि व्हिडिओ जास्त असतील तर ४८,०००, दोन्ही असेल तरी ४८,०००. गाण्यांच्या प्लेअरमध्ये 'एक्सक्लुझिव्ह मोड'ची सोय असेल तर ती वापरावी. मग प्लेअर विंडोजच्या मिक्सरला (सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणाऱ्या भागाला) वगळून गाणं त्याच्या मूळ दराने थेट कार्डाला देतो. तेवढा वेळ बाकीच्या प्रोग्रॅमचे आवाज बंद राहतात, आणि गाणं ऐकताना ते बरंच म्हणायचं.

बिट मात्र २४ ठेवावेत. बिट म्हणजे प्रत्येक मोजमाप किती बारकाईने नोंदवलं जातं त्याचा आकडा. प्रत्येक बिटमागे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ६ डेसिबलची जागा मिळते, म्हणजे १६ बिटना ९६ डेसिबल. ऐकायला तेवढं भरपूर आहे, पण कॉम्प्युटरवरून आवाज कमी केला की त्यातलेच बिट खर्ची पडतात, आणि २४ मुळे हाताशी शिल्लक राहते.

गाणं आणि गेम यांच्या वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या होतात त्या 'एन्हान्समेंट्स'मध्ये, म्हणजे आवाजात मुद्दाम बदल करणाऱ्या सोयींमध्ये. 'लाउडनेस इक्वलायझेशन' घ्या. ते हळू आवाज वर उचलतं आणि मोठे दाबतं. नेमबाजीच्या गेममध्ये याचा फायदा होतो, कारण गोळीबाराच्या गदारोळातही पावलांची चाहूल लागते. तोटा असा की आवाज किती लांबून येतोय याचा अंदाज त्याच्या लहानमोठेपणावरूनच बांधायचा असतो, आणि तो फरकच पुसट होतो. गाण्याचं तर यात थेट नुकसान होतं. गायकाने मुद्दाम हलका लावलेला स्वर आणि नंतरची उसळी, दोन्ही एका पातळीला येतात. गाण्यासाठी हे बंदच असायला हवं.

दिशेचं प्रकरण याहून रंजक आहे. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो, जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे ०.०००७ भागाने. शिवाय डोक्याच्या आडोशामुळे वरच्या पट्टीचे आवाज त्या कानाला क्षीण लागतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये या दोन खुणा मांडल्या. पुढून की मागून, वरून की खालून हे मात्र बाहेरच्या कानाच्या वळणांमुळे आवाजात होणाऱ्या बदलांवरून कळतं. व्हर्च्युअल सराउंड हेच बदल गणिताने घडवून साध्या हेडफोनमध्ये मागची पावलं मागून ऐकवतं.

हे गणित एकदाच व्हायला हवं. गेममध्ये हेडफोनचा थ्रीडी ध्वनी चालू, विंडोजचं स्पेशियल साउंड चालू आणि हेडसेटच्या सॉफ्टवेअरमधलं ७.१ (सात स्पीकर आणि एक बासचा, असा सराउंड) पण चालू, अशी स्थिती सर्रास दिसते. चष्म्यावर चष्मा चढवल्यासारखं होतं आणि पावलं नक्की कुठून येतात ते कळेनासं होतं. माझ्या मते हे काम गेमवरच सोपवावं, कारण शत्रू नेमका कुठे उभा आहे हे फक्त गेमलाच ठाऊक असतं. बाकी सगळं स्टिरिओवर ठेवावं. गेममध्ये हेडफोनचा पर्याय नसेल, तरच त्याला ७.१ वर ठेवून बाहेरचं एखादं सराउंड लावावं. गाण्याला यातलं काहीच नको. स्टुडिओत बसून कोणीतरी प्रत्येक वाद्याची जागा आधीच ठरवलेली असते.

इक्वलायझर (वेगवेगळ्या पट्ट्यांचे आवाज कमीजास्त करणारी सोय) वापरताना बास, म्हणजे खालच्या पट्टीचे आवाज, ६ डेसिबलने वाढवला, तर त्यातल्याच 'प्रीॲम्प'ची, म्हणजे एकूण आवाजाची, पट्टी तेवढीच खाली आणावी. नाहीतर लहरींचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो.

कॉम्प्युटरवर वाद्य वाजवणाऱ्यांनी बफरकडेही, म्हणजे कार्डाला देण्याआधी मोजमापं साठवून ठेवण्याच्या जागेकडेही, पाहावं. ४८,००० च्या दराला २५६ मोजमापांचा बफर म्हणजे सुमारे ५.३ मिलिसेकंदांचा उशीर. हवेतून ध्वनीला १ मीटर जायला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे स्पीकरपासून पावणेदोन-दोन मीटर लांब बसण्याइतकाच फरक. बफर फार लहान केला तर प्रोसेसरला धाप लागते आणि तडतड ऐकू येते. नुसतं ऐकायचं असेल तर तो खुशाल मोठा ठेवा.

ब्लूटूथ हेडसेटवर गेम खेळताना माइक चालू केला की आवाज अचानक टेलिफोनसारखा होतो, तो बिघाड नसतो. जुन्या आणि अजूनही चालू असलेल्या पद्धतीत माइकसाठी हेडसेट एकेरी आवाजावर आणि सेकंदाला ८,००० किंवा १६,००० मोजमापांवर उतरतो. माइक वेगळा जोडला आणि तोच इनपुट म्हणून निवडला, की स्टिरिओ परत येतो.

आणि गेममध्ये कोणाशी बोलायला लागलं की बाकीचे आवाज एकदम खाली जात असतील, तर साउंड सेटिंगमधला 'कम्युनिकेशन्स' टॅब उघडा. कॉल सुरू होताच इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय तिथे मुळातच निवडलेला असतो. त्याऐवजी 'डू नथिंग' निवडा.