'सगळे तयार आहेत, तुझंच अडलंय': पोकरमधल्या वाटणीची जुनी गोष्ट

पहाटेचे साडेतीन. गोव्यात मांडवी नदीत उभ्या असलेल्या कसिनोच्या बोटीवर टूर्नामेंटचे शेवटचे चौघं उरलेत. ब्लाइंड, म्हणजे दर डावाला आळीपाळीने लावावी लागणारी सक्तीची रक्कम, इतके चढलेत की ज्याच्यापुढे चिप्सचा सगळ्यात मोठा ढीग आहे त्याचाही दोन-तीन डावांत निकाल लागू शकतो. एकजण आळस देत म्हणतो, "काय, करून टाकायचं का?" दोघं लगेच माना डोलावतात. चौथा गप्प. मग तिघांच्या नजरा त्याच्याकडे वळतात आणि ठरलेलं वाक्य येतं, "सगळे तयार आहेत, तुझंच अडलंय."

याला 'डील' म्हणतात, 'चॉप' म्हणतात. उरलेली बक्षिसं खेळून न ठरवता आपसात वाटून घ्यायची. जगभर यात एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे एकमत लागतं. बहुमताला इथे किंमत नाही, त्यामुळे एकाचा नकार पुरतो. आणि एकाचा पुरतो म्हणूनच सगळा भार त्या एकावर येतो. नकार देणारा कद्रू, हावरट, 'स्पोर्टिंग नसलेला' ठरतो. पैसे लावून खेळायला बसलेल्या माणसाला 'मला खेळायचंय' म्हणायची चोरी का व्हावी, हे समजायला लास व्हेगासपर्यंत मागे जावं लागतं.

वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर १९७० साली बिनियन्स हॉर्सशू या कसिनोत सुरू झाली. पहिल्या वर्षी विजेता चक्क मतदानाने निवडला होता. पुढच्या वर्षापासून खेळून निकाल लागू लागला आणि सगळे पैसे एकाच विजेत्याला मिळू लागले. १९७२ साली प्रत्येकी १०,००० डॉलरच्या हिशोबाने आठजण बसले. शेवटी तिघं राहिले : अमॅरिलो स्लिम प्रेस्टन, पगी पीअरसन आणि डॉयल ब्रन्सन. ब्रन्सनला प्रसिद्धी नको होती. टेक्सासमधल्या त्याच्या घरच्या मंडळींत जुगारी म्हणून नाव होणं ही काही मिरवायची गोष्ट नव्हती. स्लिमला मात्र कॅमेरा दिसला की पंख फुटायचे. तेव्हा पैशांचं आपसात ठरलं, ब्रन्सन तब्येतीचं कारण सांगून उठला आणि स्लिम 'जिंकला'. कागदोपत्री ८०,००० डॉलर त्याचे. प्रत्यक्षात त्याच्या हाती त्याहून बरेच कमी आले. पुढे तो टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमांत जगज्जेता म्हणून मिरवला, पोकरला घरोघरी ओळख मिळाली आणि ब्रन्सनने ही हकीकत कित्येक वर्षांनी स्वतःच सांगून टाकली.

त्या आठजणांच्या वर्तुळात हे गैर नव्हतं. ही माणसं वर्षभर एकमेकांसमोर बसायची, एकमेकांना उसने द्यायची, एकमेकांच्या डावात हिस्सा घ्यायची. आज मी तुझं ऐकलं, उद्या तू माझं. शिवाय पहिल्याला सगळं आणि दुसऱ्याला शून्य असताना वाटणी हा साधा विमा होता. 'डीलला नाही म्हणू नये' हा संकेत या घरोब्यातून आला, असं मला वाटतं. पुढे घरोबा विरला, संकेत तसाच राहिला.

१९७७ पर्यंत सगळं एकालाच मिळत होतं. त्या वर्षी ३४ खेळाडूंचे ३,४०,००० डॉलर ब्रन्सनने नेले. १९७८ पासून पहिल्या काही जणांत बक्षिसं विभागली गेली. बॉबी बाल्डविन जिंकला तेव्हा ४२ खेळाडूंच्या एकूण रकमेतले निम्मे, म्हणजे २,१०,००० डॉलर त्याला मिळाले. आता वाटणी आयोजकच करत होते, तेव्हा डीलची गरज संपायला हवी होती. झालं उलटंच. नेवाडा-कॅलिफोर्नियातल्या छोट्या कार्डरूममध्ये रोजच्या टूर्नामेंट सुरू झाल्या आणि रात्रीत संपवायच्या म्हणून ब्लाइंड भराभर चढवले जाऊ लागले. शेवटच्या तासात कौशल्याला फारसा वाव उरत नाही, छापा-काटाच चालतो. मग कशाला उगाच? वाटा आणि घरी चला. पत्ते वाटणाऱ्या डीलरचीही शिफ्ट संपलेली असते. थोडक्यात, अपवाद होता तो रिवाज झाला.

पण वाटायचं कसं? सुरुवातीला सरळ समान भाग करत, नाहीतर चिप्सच्या प्रमाणात. या दुसऱ्या पद्धतीतली खोट पोकरवर लिहिणाऱ्या मेसन मॅलमथने १९८७ साली गणिताने दाखवली. तेच गणित डेव्हिड हार्व्हिलने १९७३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीतली पहिली, दुसरी, तिसरी जागा वर्तवण्यासाठी मांडलं होतं. आज ते आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) म्हणून ओळखलं जातं.

उदाहरण घेऊ. तिघं उरलेत. चिप्स ५०, ३० आणि २० टक्के. बक्षिसं १० लाख, ६ लाख आणि ४ लाख रुपये. चिप्सच्या प्रमाणात वाटायचं तर आधी प्रत्येकाला हमखास मिळणारे ४ लाख द्यायचे आणि उरलेले ८ लाख चिप्सप्रमाणे. म्हणजे ८ लाख, ६ लाख ४० हजार, ५ लाख ६० हजार. आयसीएम सांगतं : ७,६७,८५७, ६,५५,००० आणि ५,७७,१४३. कारण निम्म्या चिप्स असणाऱ्याला पन्नास टक्के वेळा पहिला नंबर मिळतो खरा, पण दुसरा नंबर तितक्या वेळा मिळत नाही, आणि त्याच्या जास्तीच्या चिप्स त्याला पहिल्या बक्षिसाहून अधिक काही देऊ शकत नाहीत. आता समान वाटणी पाहा : प्रत्येकी ६,६६,६६७. पुढे असलेल्याचे लाखाच्या वर गेले, केवळ 'यार, सरळ तीन भाग करू' या वाक्याला मान दिली म्हणून. भीड भिकेची बहीण म्हणतात ती ही. गंमत अशी की समान वाटणीचा प्रस्ताव बहुधा सगळ्यात कमी चिप्स असलेल्याकडूनच येतो.

नकाराचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण २००३ चं. टेनेसीचा हिशोबनीस ख्रिस मनीमेकर ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजच्या मुख्य स्पर्धेत शिरला आणि ८३९ खेळाडूंतून शेवटच्या दोघांत आला. समोर मुरलेला व्यावसायिक सॅमी फरहा. पहिलं बक्षीस २५ लाख डॉलर, दुसरं १३ लाख. चिप्स आपल्याकडे जास्त असतानाही आपण निम्मे-निम्मे करू म्हटलं होतं, फरहाने मानलं नाही, हे मनीमेकरने नंतर अनेकदा सांगितलंय. हो म्हटलं असतं तर फरहाला १९ लाख मिळाले असते. मिळाले १३. यावर लोक फरहाला हसतात, मला ते पटत नाही. अनुभव आपल्या बाजूने आहे असं त्याला वाटलं आणि तो खेळला. हरला म्हणून नकार चुकीचा ठरत नाही.

वर्ल्ड सिरीजच्या आयोजकांनी बरीच वर्षं डीलकडे काणाडोळा केला : तुमचं तुम्ही ठरवा, आम्ही जाहीर रक्कमच देणार. वरवर हे तत्त्वाचं वाटतं, पण दबावाला खरी जागा इथेच मिळते. आयोजक मध्ये नाही म्हटल्यावर बोलणी टॉयलेटबाहेर, सिगरेटच्या कोपऱ्यात होतात. आकडे कुणीतरी मोबाइलवर काढतो आणि कबूल केलेले पैसे मिळतील का हे समोरच्याच्या शब्दावर राहतं. युरोपातल्या मोठ्या स्पर्धांनी वेगळी वाट धरली. घड्याळ थांबवायचं, आकडे अधिकाऱ्याने काढायचे, थोडी रक्कम विजेत्यासाठी बाजूला ठेवायची. ऑनलाइन तर याहून सोपं होतं. पडद्यावर आकडे यायचे, नको असेल तर चौकटीत खूण करायची नाही. चेहराच नाही, तर भीड कुणाची?

उघड डील किती निर्मळ असू शकतं ते ऑगस्ट २०१९ मध्ये लंडनला दिसलं. ट्रायटन मिलियन या स्पर्धेचं प्रवेशशुल्क १०,५०,००० पौंड, त्यातले ५०,००० धर्मादाय कामाला. शेवटच्या दोघांत ब्रिन केनीकडे चिप्सची मोठी आघाडी होती. दोघांनी आकडे बघून वाटणी केली आणि मग उरलेला खेळ खेळला. आरॉन झँग जिंकला. करंडक त्याचा आणि १,३७,७९,४९१ पौंड. हरलेल्या केनीचे १,६८,९०,५०९.

याच्या दुसऱ्या टोकाला जून २०२५ ची वर्ल्ड सिरीजची एक स्पर्धा. शेवटच्या दोघांपैकी एकाला जिंकल्यास एका ऑनलाइन कंपनीकडून वरचे १० लाख डॉलर मिळणार होते. दुसऱ्याकडे कित्येक पट चिप्स होत्या, आणि त्या अशा रीतीने इकडून तिकडे गेल्या की बघणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. आयोजकांनी चौकशीअंती बक्षीस दोघांत समान वाटलं आणि विजेत्याचं ब्रेसलेट कुणालाच दिलं नाही. पैसे वाटणं वेगळं, कोण जिंकणार हे वाटून घेणं वेगळं, ही रेघ त्यांनी तिथे ओढली. १९७२ च्या तिघांनी तीच रेघ ओलांडली होती, आणि त्यांच्यातला एक राष्ट्रीय टीव्हीवर पोचला होता.

आपल्याकडे या सगळ्यात कराचा पेच मिसळतो. महाराष्ट्राने १९७६ साली केलेला कसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्दही केला. त्यामुळे मुंबई-पुण्याचा खेळाडू रात्रीची बस पकडून गोवा गाठतो. बक्षिसावर ३० टक्के कर मुळातच कापला जातो, तोही ज्याच्या नावावर बक्षीस त्याच्या पॅनवर. वरचंच उदाहरण घ्या. तिघांनी तोंडी समान वाटणी ठरवली, मग खेळ उरकला. पहिल्याच्या नावावर १० लाख, त्यातून ३ लाख कर. शब्द पाळायला त्याने दुसऱ्याला ६६,६६७ आणि तिसऱ्याला २,६६,६६७ दिले. त्याच्या खिशात उरले ३,६६,६६६. दुसऱ्याकडे ४,८६,६६७. तिसऱ्याकडे ५,४६,६६७. जिंकलेला सगळ्यात गरीब! म्हणून जाणते खेळाडू आधी विचारतात, "टीडीएसच्या आधीचे की नंतरचे?" आणि वाटणी कसिनोच्या कागदावर चढल्याशिवाय पत्ते हातात घेत नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. मोबाइलवर वाढलेली मुलं आता खऱ्या टेबलांवर बसतायत. आयसीएम त्यांना तोंडपाठ आहे, कोणता आकडा बरोबर हे ती क्षणात सांगतात. पण चौकटीत खूण न करता गप्प राहायची सोय इथे नाही. समोर तीन दमलेले चेहरे, मागे जांभया देणारे मित्र, आणि "नाही, खेळू या" हे तोंडाने म्हणावं लागतं.