टर्बो आहे म्हणून १०० ऑक्टेनच?

सेकंडहँड टर्बो गाडी घेतली की कुणीतरी सांगतंच, "हिला १०० ऑक्टेनच पाज, पिकअप वाढेल." हा गैरसमज आहे. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी न पेटण्याची क्षमता. टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, म्हणून ही क्षमता लागते. किती, ते टाकीच्या झाकणामागच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतं. तिथे ९१ पुरेसं म्हटलं असेल, तर १०० भरून बहुधा खिसाच रिकामा होतो. किमान ९५ लिहिलं असेल तर मात्र कंजुषी नको. कमी ऑक्टेन भरलं तर नॉक सेन्सरच्या (पेट्रोल अवेळी पेटल्याचे ठोके ओळखणाऱ्या सेन्सरच्या) इशाऱ्यावर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो. इंजिन सहसा वाचतं, पण ताकद आणि मायलेज दोन्ही घटतात.

जुन्या मालकाला मात्र नक्की विचारा: ईसीयू रीमॅप केलाय का, म्हणजे त्याची मूळ सेटिंग बदललीय का? केला असेल तर स्टिकरवर विसंबू नका, त्या ट्यूनला लागेल तेच ऑक्टेन भरा. चढावर इंजिनातून टकटक ऐकू आली, तर अ‍ॅक्सिलरेटर सैल सोडा आणि स्पार्क प्लग आणि इंजिनात साचलेला कार्बन तपासून घ्या.