चेहरा झाकला, पण चाल?

तोंडाला स्कार्फ गुंडाळला की कॅमेरा आपल्याला ओळखत नाही, असा समज पुण्यात सर्रास आहे. चेहऱ्यापुरता तो काही अंशी खरा आहे. पण टिळक रस्त्यावर स्कूटर लावून चालू लागलात, की संगणकाला दुसरी खूण मिळते: तुमची चाल.

१९७७ साली कटिंग आणि कोझलोव्स्की या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की, अंधारात सांध्यांवरचे नुसते चमकते ठिपके हलताना पाहूनही माणसं आपल्या मित्रांना ओळखू शकतात. संगणकाला हे शिकवायच्या अनेक रीती आहेत. मला सर्वांत देखणी वाटते ती हान आणि भानू या संशोधकांनी २००६ मध्ये मांडलेली.

व्हिडिओच्या प्रत्येक फ्रेममधून पार्श्वभूमी वजा करायची. उरते माणसाची पांढरी आकृती, बाकी सगळं काळं. सगळ्या आकृत्या एकाच उंचीच्या करून एकमेकींवर मधोमध बसवायच्या. मग उजवी टाच टेकल्यापासून तीच पुन्हा टेकेपर्यंतच्या, म्हणजे साधारण एका सेकंदाच्या फ्रेम घेऊन त्यांची सरासरी काढायची. एखादा बिंदू ३० पैकी २७ फ्रेममध्ये पांढरा असेल तर त्याची किंमत ०.९; १२ मध्ये असेल तर ०.४. डोकं आणि धड फारसं हलत नाही, ते पांढरंशुभ्र उमटतं. पाय आणि हात करडे होतात, आणि खरी माहिती त्या करड्या छटांतच असते: पाऊल किती लांब, हाताचा झोका केवढा, पाठीला किती पोक. ६४ गुणिले ६४ बिंदूंचं चित्र म्हणजे ४०९६ आकडे. त्यांतून अशा मोजक्या दिशा, म्हणजे या आकड्यांना कमीजास्त वजन देऊन केलेल्या बेरजा, निवडतात, ज्यांवर एकाच माणसाची चित्रं जवळ येतात आणि वेगवेगळ्या माणसांची लांब जातात.

चालीवरून स्वभाव नि भाग्य सांगणाऱ्या सामुद्रिकाचा याच्याशी काडीचा संबंध नाही. इथे फक्त आकृत्यांची तुलना होते. ‘गर्दीतून कुणालाही हुडकू’ या जाहिरातीही तितक्याच पोकळ. चाल ओळखणाऱ्या २०१९ च्या ‘गेटसेट’ या पद्धतीची चाचणी चालणाऱ्या माणसांच्या व्हिडिओंच्या चीनमधल्या एका प्रसिद्ध संचावर झाली. त्यातल्या १२४ पैकी ७४ जणांवर संगणकाला शिकवलं आणि उरलेल्या ५० जणांत ओळख पटवायला लावली. साध्या कपड्यांत ती ९५ टक्के वेळा बरोबर आली, पिशवी असताना ८७ आणि कोट घातल्यावर जेमतेम ७०. जुलैतला रेनकोट किंवा गुडघे झाकणारी साडी अशीच आड येणार. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर तर एकाची आकृती दुसऱ्यापासून सुटी करणंच कठीण. म्हणून निव्वळ चालीच्या पुराव्यावर कुणाला आरोपी ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.