भोपळा, तांबडा (परसबागेतील)

(लाल भोपळा, डांगर, काशीफळ, लॅ. कुकर्बिटा मॉस्काटा, कुल-कुकर्बिटेसी). जमिनीवर पसरणारी किंवा गोठ्याच्या छपरावर चढवली जाणारी वर्षायू वेल.

ही जाती मूळची अमेरिका खंडातील, याविषयी आता दुमत नाही. मात्र ती प्रथम मेक्सिको-मध्य अमेरिकेत लागवडीखाली आली की दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात, हा वाद चालू आहे. खात्रीचा वन्य पूर्वज हाती नसल्याने दुसऱ्या मताकडे कल ठेवावा एवढेच म्हणता येते. भारतात ती बहुधा सोळाव्या शतकात किंवा त्यानंतर पोर्तुगीजांमार्फत आली असावी. त्यामुळे संस्कृत ग्रंथांतील ‘कूष्माण्ड’ हा तांबडा भोपळा नसून कोहळा मानणे सयुक्तिक ठरते. ‘अलाबु’ म्हणजे दुध्या. बाजारात तांबडा भोपळा याच नावाने विकली जाणारी कुकर्बिटा मॅक्झिमा ही जाती वेगळी. तिचा देठ गोल व बुचासारखा मऊ असतो. मॉस्काटाचा कठीण, पाचधारी आणि फळाला चिकटतो तिथे पसरट.

नाशिक परिसरात मृगाच्या पावसावर बी टोकतात. इगतपुरी-पेठकडे पाऊस फार, येवला-नांदगावकडे तुटपुंजा, म्हणून वेळ मागेपुढे होते. काळ्या जमिनीत पाणी साचते. आळे उंचवट्यावर करावे. आधी नर फुले येतात. मादी फुलाखाली सुपारीएवढा भोपळा आधीच दिसतो. फुले पहाटे उमलून उन्हं चढताच मिटतात. श्रावणात झड लागली की मधमाश्या फिरकत नाहीत आणि ती सुपारी पिवळी पडून गळते. अशा वेळी नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलावर टेकवतात. लाल भुंगेरे कोवळी रोपे, फळमाशी कोवळी फळे आणि भुरी हा बुरशीजन्य रोग पाने बिघडवतो.

पेरणीपासून साधारण ९० ते १२० दिवसांत, म्हणजे भाद्रपद-आश्विनात, फळ तयार होते. देठाजवळचा ताणा वाळतो, सालीत नख रुतत नाही, जमिनीकडची बाजू पिवळसर होते. पितृपक्षातील भाजीच्या घाईने पुष्कळ फळे याआधीच उतरवली जातात. ती टिकत नाहीत. चार बोटे देठ ठेवून कापलेले, जखम नसलेले फळ काही दिवस सावलीत सुकवून पेंढ्यावर ठेवल्यास महिनोन् महिने राहते. साठवणीत पिठूळपणा कमी होऊन गोडी वाढते. घारग्यांना तोच भोपळा लागतो.