कुर्माघर

गडचिरोली जिल्ह्यातल्या माडिया आणि गोंड गावांत पाळीच्या दिवसांत बायकांनी राहायची सामाईक झोपडी. काही भागांत तिला गाओकोर म्हणतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांत ती गावाच्या कडेला दिसते. बाई साधारण ५ दिवस तिथे असते. तिने स्वयंपाक करायचा नाही, विहिरीला हात लावायचा नाही. जेवण घरची दुसरी बाई आणून देते. पुरुषाचा चुकून स्पर्श झाला, तर त्याला आंघोळ करावी लागते.

झोपडी बहुधा कुडामातीची, एका खोलीची असते. विटाळाच्या धाकाने पुरुष डागडुजी करत नाहीत, आणि ती कुणा एकीची नसल्याने गळके छप्पर पावसाळाभर तसेच राहते. खरा धोका जमिनीवर झोपण्यात आहे. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात आणि मग श्वास अडकतो. खाट आणि कडा अंथरुणाखाली खोचलेली मच्छरदाणी एवढ्याने मण्यार आणि हिवताप, दोन्ही बरेचसे टळतात. दंशाचा संशय आला तर आवळून बांधू नये, चिरा देऊ नये, मांत्रिकासाठी थांबू नये. हातपाय न हलवू देता दवाखान्यात न्यावे.

पाळीची कापडे लपवून, ओलसर कोपऱ्यात वाळवली जातात. ती साबणाने धुऊन थेट उन्हात वाळायला हवीत. रक्तस्राव ७ दिवसांवर गेला किंवा तासा-दोन तासांत कापड भिजू लागले, तर तपासणी हवी. पण वेगळे बसलेल्या बाईचे हे कुणाला कळत नाही. प्रौढ, गरोदर नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय. किशोरींसाठी आठवड्याला ६० मिलिग्रॅम लोहाची निळी गोळी असते. या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. तो असल्यास लोह डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. न बोलण्याची किंमत किती, हे डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा गावांत केलेल्या, १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसले : ६५० बायकांपैकी ९२ टक्क्यांना स्त्रीरोग होते, आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१५ मध्ये राज्य सरकारला ही प्रथा संपवायला सांगितले. आदेशाने ती जात नाही, कारण नियम घराचा नसून गावाचा आहे. एकट्या घराने तो मोडला आणि पुढे कुणी आजारी पडले किंवा पीक बुडाले, तर बोट त्या घराकडेच जाते. म्हणून बोलणी गायता (गावाचा पारंपरिक प्रमुख) आणि म्हाताऱ्या बायकांपासून सुरू करावी लागतात. 'तुमचे चुकते' म्हणण्यापेक्षा 'पावसाळ्यात तिथे कोण आजारी पडले?' हा प्रश्न जास्त काम करतो. नियम सैल करण्याचा, तो मोडल्याचा दंड बंद करण्याचा निर्णय ग्रामसभेत सर्व घरांसाठी एकदमच व्हावा. झोपडी आधी पाडली आणि नियम तसाच ठेवला, तर बाई गोठ्यात किंवा उघड्यावर झोपते.

पक्क्या कुर्माघरांबद्दल मतभेद आहेत. प्लॅस्टिकच्या बाटल्यांत वाळू भरून बांधलेली घरेही झाली आहेत. त्यांत साप शिरण्याची भीती कमी, पण वेगळेपण पक्के होते. काही बायकांना मात्र कुर्माघर सोडवत नाही : ५ दिवस पाणी, सरपण, मोहफूल वेचणे यांतून सुटका आणि मैत्रिणींशी गप्पा. बाई घरी राहू लागली की हे काम त्याच दिवशी अंगावर येते. त्या दिवसांत पाणी कोण भरणार, हेही त्याच सभेत ठरायला हवे.