चुकीचा आठवलेला सिनेमा

एका सिनेमात लहान मुलगा गर्दीत बापाचा हात झटकून पळतो, हे मला पंधरा वर्षं पक्कं आठवत होतं. बोटं एकेक करून सुटताना दिसतात, इतकं बारीक. परवा तोच सिनेमा पुन्हा पाहिला. हात बापानं सोडलेला निघाला. मुलगा जागचा हललासुद्धा नव्हता. तो प्रसंग मी तीनदा मागे नेऊन पाहिला, तरी बाप काही ऐकेना.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. पिक्चरबद्दल बोलता बोलता स्वतःचंच सांगत सुटायचं, ही खोड माणसाला लागली कधी?

जवळजवळ पहिल्याच दिवशी, असं म्हणायला हवं. जुलै १८९६ मध्ये रशियातल्या निझ्नी नोव्हगोरोदला लेखक मॅक्झिम गॉर्कीनं फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंची नुकतीच निघालेली हलती चित्रं पाहिली आणि तिथल्या वर्तमानपत्रात लिहिलं, ‘काल रात्री मी सावल्यांच्या राज्यात होतो.’ त्याला खुपली ती चित्रांमधली मूक, करडी दुनिया. पण मला त्या लेखातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. पडद्यावर एक सुखी जोडपं आपल्या बाळाला भरवतंय, आणि ते दाखवलं जातंय कुठे, तर बदलौकिक असलेल्या कॅफेत. ही विसंगती त्यानं नोंदवली. म्हणजे पडद्यावर काय होतं, याच्याइतकंच ते कुठे बसून पाहिलं, हेही त्यानं लिहिलं. सिनेमावरच्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक, आणि त्यात प्रेक्षक आधीच येऊन बसलेला आहे.

वीस वर्षांनी, १९१६ साली, हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ ह्यूगो म्युन्स्टरबर्ग यांनी या खोडीला शास्त्राचा आधार दिला. त्याआधी थोडेच दिवस ते सिनेमाला जायला लाजत असत, प्रोफेसर माणसाला शोभत नाही म्हणून. मग एकदा गेले आणि गुंतलेच. त्यांचं म्हणणं साधं होतं. क्लोजअप म्हणजे आपलं लक्ष आणि कथेत मागे जाणं म्हणजे आपली आठवण. मनात जे चालतं तेच पडद्यावर चालतं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात, वर्गात शिकवत असतानाच ते गेले.

प्रेक्षकांना थेट विचारायची कल्पना त्याआधीची. जर्मनीतल्या मानहाइममध्ये एमिली आल्टेनलो या तरुणीनं डॉक्टरेटसाठी सुमारे २,४०० जणांच्या उत्तरांवर काम केलं. तिचा प्रबंध १९१४ साली छापला गेला. कोण, कधी, कशासाठी सिनेमाला जातं, हे तिनं वर्ग, वय आणि कामधंदा बघून मांडलं. तरी ते सगळं प्रश्नावलीतलं. आपलं आपण सांगायची मोकळीक पुढे मिळाली, आणि गंमत म्हणजे ती मिळाली संशयापोटी.

अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात सिनेमानं मुलं बिघडतात अशी ओरड होती. त्याची तपासणी करायला पेन फंड या खासगी निधीनं पैसे दिले आणि संशोधकांची एक फळी कामाला लागली. त्यातले शिकागो विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट ब्लूमर यांनी तरुण मुलामुलींना एक काम दिलं : आपलं ‘चित्रपट-आत्मचरित्र’ लिहा. पहिला सिनेमा कोणता, त्यावरून कोणते खेळ खेळलात, कशाला घाबरलात, कुणाच्या प्रेमात पडलात, सगळं. हजाराहून अधिक जणांनी लिहून दिलं. १९३३ मध्ये आलेल्या पुस्तकात ब्लूमर यांनी त्यातले उतारेच्या उतारे दिले आहेत. नावं नाहीत. ‘स्त्री, वय १९, कॉलेजचे तिसरे वर्ष’ अशा धर्तीची एक ओळ आणि खाली कबुली. आरशासमोर नटीसारखी मान वळवून पाहिलेली, चुंबन घ्यायचं कसं ते पडद्यावरून शिकलेलं, रात्री झोप उडालेली. दोष शोधायला म्हणून जमवलेले हे कागद आज वाचताना पोरं बिघडल्याचा पुरावा म्हणून कोण वाचतो? मोठं होताना कुणाकडे बघून मोठं व्हायचं, याची ती धडपड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये जे. पी. मायर यांनी एका सिनेमाविषयक नियतकालिकाच्या वाचकांकडून अशीच आत्मकथनं मागवली आणि १९४८ मध्ये छापली.

समीक्षकही याच सुमारास खुर्चीवरून खाली उतरत होते. डिसेंबर १९४२ मध्ये जेम्स एजी यांनी ‘द नेशन’ या अमेरिकी साप्ताहिकातल्या आपल्या पहिल्याच लेखात कबूल करून टाकलं, की मी तुमच्यासारखाच : लहानपणापासून सिनेमे पाहत आणि त्यांवर बोलत आलोय, ते बनतात कसे याबद्दल मात्र जवळजवळ कोरा आहे.

या सगळ्यांची एक अडचण होती, जी आपण साफ विसरलोय. सिनेमा एकदा गेला की गेला. परत लागला तर नशीब. पुस्तकासारखं पान उघडून खात्री करायची सोय नाही. अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात निघालेल्या मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी सुमारे ७० टक्के तर कायमचेच गेले. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, कुजायची, कधी आतली चांदी काढायला ती मुद्दामच नष्ट केली जायची. तेव्हा सिनेमाची घरी नेता येईल अशी प्रत एकच होती, ती म्हणजे डोक्यातली. आणि तिच्यावर आपलं स्वतःचं बरंच काही सांडलेलं असायचं.

ही गोष्ट सर्वांत सरळपणे मांडली तत्त्वज्ञ स्टॅन्ली कॅव्हेल यांनी. सिनेमांच्या आठवणी आणि आपल्या आयुष्याच्या आठवणी एकमेकींत विणलेल्या आहेत, असं सांगूनच त्यांचं १९७१ चं पुस्तक सुरू होतं. पुस्तक त्यांनी बहुतेक आठवणीवर विसंबून लिहिलं, त्यामुळे प्रसंगांचे तपशील इकडेतिकडे झाले. त्यांचं उत्तर असं, की आठवण बरोबर का निघाली, याइतकाच रस मला ती कशी चुकली यात आहे. असं उत्तर देण्याची मुभा फार काळ टिकायची नव्हती. १९७५ मध्ये घरी लावायच्या व्हिडिओ टेपचं बेटामॅक्स आलं, पुढच्याच वर्षी तसंच व्हीएचएस, आणि कुणालाही टेप मागे नेऊन ‘हे असं नाहीच्चे’ म्हणता येऊ लागलं. लेखन काटेकोर झालं, हे खरंच. बापाचा हात मलाही त्याशिवाय सापडला नसता.

१९९० नंतरच्या दशकात अभ्यासक ॲनेट कून यांनी ब्रिटनमधल्या म्हाताऱ्या माणसांना गाठून १९३० नंतरच्या दशकातल्या सिनेमांबद्दल विचारलं. गोष्टी फारशा कुणी सांगितल्याच नाहीत. एखादं सुटं दृश्य, बहुतेकदा भीतीचं. बाकी सगळं थेटरला जाण्याचं : बरोबर कोण होतं, कोणत्या रस्त्यानं गेलो, कुठे बसलो.

मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा दादा बरोबर होता. परवा त्याला फोन करून विचारलं. म्हणाला, ‘हाताचं काही आठवत नाही रे. बाबांनी ऐनवेळी यायचं रद्द केलं आणि तू शेवटपर्यंत रुसून बसला होतास, एवढं आठवतं.’